केदारीआप्पांचं मेणाचं नळकांडं

आमच्या वडगावात केदारीआप्पांशी बोलायचं म्हणजे एकतर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढं ओरडायचं, नाहीतर वहीत लिहायचं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, घसा दिवसभर बसलेलाच असतो, म्हणून मी वहीच धरली. पंचेचाळीस वर्षं चार यंत्रमागांच्या खडखडाटात उभं राहिल्यावर कान राहतात कुठे! डॉक्टरांनी सांगितलंच होतं, चढे, बारीक आवाज गेले आहेत; खालचे, जाड आवाज थोडे शिल्लक आहेत, तेही हळूहळू जातील. कानातल्या मशीनमधून त्यांना नुसती खरखर यायची. ते त्यांनी डबीत घालून कपाटात टाकून दिलं.

माग सहा वर्षांपूर्वी भंगारात गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बायको अंबूबाई गेल्या. मुलगा सौरव बंगळूरला असतो. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि बापलेक एकमेकांना हात हलवून दाखवतात. तेवढ्यावर माणूस आठवडा काढतो हे मला बघवत नसे. आणि खरं सांगायचं तर, रोज जाऊन बसण्याएवढी चांगली मीही नव्हते.

गेल्या वर्षी त्यांनी माझ्यासमोर पत्र्याचा एक डबा उघडला. आत कापसात गुंडाळलेलं तपकिरी मेणाचं नळकांडं होतं, पोकळ, तळहातावर मावेल एवढं. वर केसाएवढ्या बारीक रेघा.

"ह्यात माझा आजा गातोय," आप्पा म्हणाले. "भावकू. हातमागावर बसून लई गायचा म्हनं. कोन यंत्रवाला आलता, त्यानं ह्यात गानं भरलं. यंत्र घिऊन गेला, ह्ये ठिवून गेला. माझ्या बानं कवा ऐकलं न्हाय, मी बी न्हाय. कान हाईत तवर एकडाव ऐकायचंय, बाई."

मी फोनवर शोधाशोध केली. तबकड्या यायच्या आधी गाणी अशा नळकांड्यांवर भरत असत, आणि ती वाजवायला घरच्या घरी यंत्र बनवणारी हौशी माणसं आजही जगात आहेत. त्यांचे व्हिडिओ इंग्रजीत होते, पण आप्पांना त्याचं काय! ते फक्त हात बघत. मी वहीत एकच गोष्ट ठळक लिहिली: मेण मऊ आहे, दर वेळी वाजवलं की थोडं झिजणार.

आठ महिने लागले. निमुळता सागवानी दांडका लेथवर करून आणला, नळकांडं त्यावर अलगद सरकून बसावं म्हणून. बारीक आट्यांचा रॉड बसवला, सुई त्याच्यावरून पुढे सरकावी म्हणून. अंबूबाईंच्या शिलाई मशीनची मोटर लावली, पायाच्या पेडलसकट. जुन्या इस्त्रीतलं अभ्रक काढून त्याचा पातळ पडदा केला, त्याला सुई म्हणून काचेचा अगदी बारीक मणी चिकटवला आणि वर पत्र्याचा कर्णा. दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा जमलं.

एका रविवारी दुपारी मला बोलावलं. आप्पांनी पेडलवर पाय ठेवला, तळहात टेबलावर टेकला, डोळे मिटले. चालत्या मागाची चाल ते अशीच हाताने ओळखायचे. मोटर चढत चढत एका वेगावर ठरली, तशी त्यांनी मान डोलावली आणि सुई टेकवली.

आधी खरखर आली, मग आवाज. पातळ, भरभर, दुसरीतली पोरगी पाढे म्हणते तसा. आप्पांनी कान कर्ण्यात जवळजवळ घातलाच होता. पण चेहरा जसाच्या तसा.

"कोन हाय?" त्यांनी विचारलं.

मी लिहिलं, 'लहान मुलगी गाते आहे.' तेवढं लिहायला नको होतं.

"म्हंजे बा खोटं बोलला व्हय?" आप्पा खाली बसले. सत्तर वर्षांचा माणूस, पण तोंड रुसलेल्या पोरासारखं झालं.

मग माझी ट्यूब पेटली. विज्ञान शिकवते म्हणे! वेग वाढला की आवाज चढतो, एवढं साधं! माग सहा वर्षं बंद होते, पण आप्पांच्या हाताला अजून मागाचाच वेग ठाऊक होता, मोटर त्यांनी त्याच वेगावर आणली होती, आणि भावकूआज्याचं गाणं त्याहून सावकाश भरलेलं होतं. मी 'हळू' असं लिहून पुढे धरलं. त्यांनी पेडल सैल सोडलं. आवाज उतरत उतरत तरण्या पुरुषाचा झाला, किंचित नाकातला, ऊबदार. दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. गाणं संपलं आणि तो कोणालातरी म्हणाला, "झालं व्हय?" अगदी आमच्या गल्लीतल्यासारखं. मला हसू आलं, मग रडू आलं. नशिबाने फोनवर भरून घेत होते.

वळून बघितलं तर आप्पा नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मी पानभर लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि "ब्येस हाय" म्हणाले. मला फार वाईट वाटलं. आठ महिने राबले ते, आणि ऐकलं मी.

पण आप्पांनी कर्णा उपसला. व्हिडिओत बघितलेली युक्ती त्यांनी करून ठेवली होती: डॉक्टरांच्या जुन्या स्टेथोस्कोपची रबरी नळी पडद्याला जोडली, टोकं कानात घातली आणि पेडल आणखी सैल सोडलं. आणखी. मी हातानेच खूण केली, फार हळू होतंय. त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा बाई. आलं."

एवढ्या सावकाश चालीवर गाण्याचं गाणं राहत नाही. पण आवाज इतका खाली उतरला होता की आप्पांच्या उरलेल्या कानात तो मावत होता. शेवटपर्यंत ते हलले नाहीत.

"झालं व्हय म्हनला. मागनं खाकरला बी," ते म्हणाले.

खाकरल्याचं मी लिहिलं नव्हतं. घरी येऊन फोनवर कान देऊन ऐकलं. खरंच खाकरला होता.

तेव्हापासून ते रोज लावतात. मी तेच गाणं फोनवर सावकाश करून दिलं, पण त्या इवल्याशा स्पीकरातून त्यांना काही येईना. फोन परत माझ्या हातात दिला. परवा मी वहीत रागानेच लिहिलं, 'रोज वाजवू नका. दोन-तीन महिन्यांत नुसती खरखर उरेल.'

त्यांनी वाचलं आणि हसले.

"झिजू दे. माझं कान बी झिजत्यातच की. बघू, आदी कोन सरतंय."

वही माझ्याकडे सरकवून त्यांनी नळी कानात घातली. मी बराच वेळ शेजारी बसून होते. नळकांडं फिरताना दिसत होतं, आप्पांचे ओठ हलत होते, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.