साहेबांच्या शब्दावर अकरा सह्या

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी प्रभूनं काय केलं याची साक्ष द्यायला उभं राहिलं की शेवट गोड होणार हे ठरलेलं. आजार बरा होतो, व्हिसा मिळतो, पोर पास होतं. माझ्या साक्षीत तसलं काही नाही, म्हणून इतकी वर्षं मी मागच्या खुर्चीवर गप्प बसले. प्रभूनं माझं ऐकलं की नाही, हेच मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं.

मी नगर जिल्ह्यातल्या मिशन कंपाउंडमध्ये वाढले. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. आमच्याकडे साहेब म्हणजे मिशनरी डॉक्टर, आणि साहेबांचा शब्द देवाच्या खालोखाल. साहेब प्रार्थना करतात, मग ते चुकीचं कसं सांगतील, असं वडिलांचं साधं गणित. मी कॉम्प्युटर शिकले, विमानात बसले, नव्वदच्या दशकात पार अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला जाऊन पोचले, पण ते गणित काही डोक्यातून गेलं नाही.

तिथे औषधाचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचे. कमरेला लावायचा छोटासा पंप, शरीरात थेंब थेंब औषध सोडणारा. नळी तुंबली किंवा बॅटरी उतरली तर त्याचा भोंगा वाजायला हवा. तो वाजतो का ते पाहायचं, कागदावर निकाल लिहायचा, बाजूला सही आणि तारीख. माझा व्हिसा त्या नोकरीवर, आणि नवरा नि आठ वर्षांची मुलगी माझ्या व्हिसावर. नवऱ्याला काम करायची परवानगी नव्हती. माझी नोकरी गेली की तिघांचंही बिऱ्हाड उठणार.

मॅनेजर भला माणूस. कँटीनमध्ये जेवणाआधी मान खाली घालून डोळे मिटायचा. मला आमचे डॉक्टरसाहेबच आठवायचे. एका गुरुवारी त्यानं माझ्यासमोर कागद ठेवले. भोंग्याच्या अकरा टेस्ट करायच्या राहिल्या होत्या आणि माल सोमवारी जायचा होता. "या पास होणारच आहेत. पुढच्या महिन्यात करून घेऊ. आज तू सही करून टाक," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. मी एका शब्दानं विचारलं नाही. अकरा ठिकाणी सही केली. त्यानं शाबासकी दिली आणि मी मेली खूशही झाले, हे सांगताना आज लाज वाटते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू नाही केलीस तर दुसरा कुणी करेल. आपण तिघांनी जायचं कुठे?" त्याचं तरी काय चुकलं? रविवारी आमची चार-पाच मराठी घरं उपासनेला एका काकांकडे जमायची. काका वयानं मोठे, बायबलमधलं वचनही तेच समजावून सांगायचे. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "बेटा, वरिष्ठांच्या अधीन राहावं हे आपलं शिक्षण आहे. चूक असेल तर ती त्याची. तू आज्ञा पाळलीस, तू मोकळी."

मी मोकळी झाले नव्हते. तीन दिवस मला प्रार्थना करता आली नव्हती. 'हे प्रभू' म्हटलं की पुढे शब्दच येईना. काय मागायचं? मला धीर दे, की मला काही कळूच देऊ नकोस? त्याच संध्याकाळी दूध आणायच्या निमित्तानं मी एकटीच बाहेर पडले. दुकानातून परत येऊन बघते तर थंडीनं गाडीची बॅटरी बसलेली. आता काही म्हणजे काही उरलं नाही असं वाटून मी आत बसून रडत राहिले.

कुणीतरी काचेवर टकटक केली. साठीची एक गोरी बाई, हातात एका गाडीची बॅटरी दुसरीला जोडायची जंपर केबल. काही न विचारता तिनं आपली गाडी माझ्यासमोर लावली आणि बॉनेट उघडलं. ती वाकली तेव्हा तिचा कोट उघडला. कमरेला पंप होता, दुसऱ्या कंपनीचा. मी बघतच राहिले. तिला वाटलं मी घाबरले. हसून म्हणाली, "काळजी करू नकोस. काही बिघडलं तर हा ओरडतो. म्हणून तर मी एकटी राहू शकते." गाडी सुरू झाली, ती निघून गेली. तिला प्रभूनं धाडलं होतं की तिच्याही घरचं दूध संपलं होतं, मला ठाऊक नाही.

आमच्या कामात लिहिलेलं खोडायची रीत ठरलेली आहे. रबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला पुन्हा सही. सोमवारी सकाळी, माल निघायच्या आधी, मी फाइलमधून ते कागद काढून अकरा रेघा मारल्या, प्रत्येकीपुढे लिहिलं, 'टेस्ट केलेली नाही.' कागद मॅनेजरसमोर ठेवले. म्हटलं, "तुम्ही सांगाल ते सगळं काम करीन. एवढं करता येणार नाही." तो चिडला नाही. माझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणाला आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवले.

तीन आठवड्यांनी मला काढून टाकलं. काकांनी उपदेशात नाव न घेता अहंकारावर सांगितलं. नवरा सामान बांधताना माझ्याशी बोलत नव्हता. विमानतळावर मुलीनं विचारलं, "मम्मी, डिड यू डू समथिंग बॅड?" मी म्हटलं, "हो. पण तेव्हा मला शाबासकी मिळाली होती."

माल थांबला, की दुसऱ्या कुणाची सही घेऊन गेला, मला कधीच कळलं नाही. एवढं खरं, त्या सोमवारपासून माझ्या तोंडी प्रार्थना परत आली, आणि तेवढ्यासाठी मी प्रभूचे उपकार मानते. कुठेतरी कुणाच्या कमरेला तो पंप असेल, त्या अनोळखी माणसासाठी मी रोज मागते. त्याला प्रभूच्या हाती सोपवते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोपवावं लागतं.