भाऊंचा टॅपेटचा दिवस

आमच्या भाऊंनी, म्हणजे माझ्या थोरल्या साडूंनी, उभ्या आयुष्यात कुठल्या माणसाचं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं असेल असं मला वाटत नाही. पण इंजिनाचं मात्र त्यांनी एक अक्षर वाया जाऊ दिलं नाही. त्यांच्याकडे हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याचं टोक मशिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आमच्या जुन्नरच्या घरी आले की आधी मिक्सर ऐकायचे, मग फ्रीज ऐकायचे, मग चहा प्यायचे. मिक्सरला 'चार महिने' म्हणाले तर मिक्सर चार महिन्यांनी जायचा. माझ्या लग्नात, संध्याकाळच्या मुहूर्ताला, मंगलाष्टकं चालू असताना सगळा मांडव आमच्याकडे तोंड करून उभा होता आणि भाऊ एकटे मांडवामागे जनरेटरला कान लावून बसले होते. तिथून येऊन त्यांनी भटजींना सांगितलं, "उरका, डिझेल टपकतंय." भटजींना ते पटलं नाही आणि शेवटच्या अष्टकाला दिवे गेले. त्या अंधारात मी हार पहिल्यांदा कोणाच्या गळ्यात घातला, याबद्दल आमची ही अजूनही शंका काढते.

भाऊंचा ट्रक म्हणजे मंचरहून कांदा-बटाटा वाहणारी एक जुनी, पुढे नाक असलेली गाडी. भाऊंचं घर मंचरजवळ, आणि मंचरला दहा गॅरेजं. पण तिच्या इंजिनाला परक्याचा हात लागलेला भाऊंना खपायचा नाही. विशेषतः टॅपेटला. माझ्यासारख्या, खिळा ठोकायला गेलं की स्वतःचा अंगठा ठोकणाऱ्या माणसाला त्यांनी जेवढं समजावलं तेवढं सांगतो. इंजिनाच्या डोक्यावर बारा व्हॉल्व्ह असतात. प्रत्येकाला दाबायला वर एक आडवा दांडा असतो आणि त्या दोघांत केसाएवढी फट ठेवावी लागते. फट वाढली तर इंजिन खडखडतं. कमी झाली तर आवाज छान गोड येतो, पण व्हॉल्व्ह आतल्या आत जळत जातो. म्हणून फटीत पोलादाची एक पातळ पट्टी सरकवायची, वरचा स्क्रू पिळायचा आणि पट्टी ओढून बघायची; हेच टॅपेट करणं. ती किती अडली पाहिजे हे पुस्तकात लिहिता येत नाही, बोटांना कळावं लागतं. भाऊ म्हणायचे, "झोपल्या पोराच्या मुठीतनं खुळखुळा काढताना जेवढी ओढ लागती, तेवढीच. पोर जागं झालं म्हंजे टाईट झालं."

टॅपेटचा दिवस त्यांच्या घरी कुलाचारासारखा पाळला जायचा. इंजिन थंडगार हवं, म्हणून सकाळीच. धूळ उडू नये म्हणून आधी अंगणात सडा. त्या दिवशी मिरच्या कांडायच्या नाहीत, गोधड्या झटकायच्या नाहीत, कोंबड्या डालग्याखाली. भाऊ स्वतः आंघोळ करून पांढरा सदरा घालून बंपरवर चढायचे. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले ते नेमके अशाच दिवशी. भाऊंनी मान न वळवता त्यांना "बसा, चार नंबर चालू हाय" म्हणून सांगितलं आणि मुलाच्या वडलांच्या हातात तेलाने माखलेलं, उताणं टॅपेट कव्हर दिलं. त्या गृहस्थांनी ते पाऊण तास दोन्ही हातांवर, देवाच्या ताटासारखं, धरून ठेवलं. पाहुणे गेल्यावर भाऊ म्हणाले, थेंब सांडला नाही, घर बरं असणार. मुलगी आजही त्या घरात सुखात आहे.

या सगळ्यात अर्धं काम अक्कांचं असायचं. अक्का म्हणजे भाऊंची बायको, माझी थोरली मेव्हणी. व्हॉल्व्ह करायचा तर इंजिन हाताने थोडं थोडं फिरवावं लागतं. भाऊ वर बंपरवर उभे आणि अक्का खाली, बंपरच्या पुढ्यात उकिडव्या, आत हात घालून पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून. वरून भाऊ म्हणायचे, "येऊ दे, येऊ दे." खालून अक्का म्हणायच्या, "आलं." दोघांची भांडणं व्हायची तीही जंगी, आठ-आठ दिवस अबोला. पण टॅपेटच्या दिवशी भाऊंना 'येऊ दे' म्हणावंच लागायचं आणि अक्कांना 'आलं' म्हणावंच लागायचं. त्यावर चहा व्हायचा. त्यांचा संसार तीस वर्षं टिकला यात डिझेल इंजिनाचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे, आणि आमच्या घरीही असं एखादं यंत्र असावं असं मला कधी कधी वाटतं.

दोन-अडीच वर्षांपूर्वी भाऊ एकदम विचित्र वागू लागले. म्हणजे आमच्यासारखे वागू लागले. उघड्या इंजिनावर माशी बसू न देणारा हा माणूस बारा व्हॉल्व्ह झाले की कव्हर न लावताच खाली उतरायचा, "हवा लागू द्या" म्हणायचा आणि मंचरला दाढी-कटिंगला निघून जायचा. तास-दीड तास पत्ता नाही. साठी आली, माणूस सैलावला, असं आम्ही धरून चाललो.

असाच एकदा मी आमच्याकडच्या एका लग्नाची पत्रिका द्यायला गेलो. भाऊ दाढीला गेलेले. अंगणात शिरलो तर बंपरवर अक्का. पदर खोचलेला, हातात पोलादी पट्टी. मला बघून दचकल्या, पण उतरल्या नाहीत.

"पावणं, तिकडं काय बोलू नका," त्या म्हणाल्या. "बोटं बधिर झालीत त्यांची, साखरेनं. पट्टी अडली का मोकळी, काय कळत न्हाई. समदे टाईट करून ठेवत्यात."

मी म्हटलं, मग सांगून का टाकत नाही. त्यांनी हातातला व्हॉल्व्ह पुरा केला, पट्टी अलगद काढली आणि म्हणाल्या, "गाडी गेली तर हा माणूस घरात कुठं बसवू मी?"

मग त्या खाली उतरल्या, पुली फिरवली, पुन्हा वर चढल्या. एका फिरवण्यात दोन व्हॉल्व्ह होतात; म्हणजे गुडघे दुखणाऱ्या या बाईने दर खेपेला सहा वेळा उतरायचं आणि सहा वेळा चढायचं. मी मदतीला म्हणून पुढे झालो तर म्हणाल्या, तुमी तेवढं रस्त्याकडं बघा. ते काम मला जमलं. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. आमच्या हिलासुद्धा नाही, यावरून गोष्टीचं वजन ओळखावं.

गेल्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून अक्का दुपारी जरा पडल्या, त्या उठल्याच नाहीत.

पुढे चार-पाच महिने भाऊ कुणाशी धड बोलत नव्हते. गाडी अंगणातच उभी. मग एके दिवशी फोन आला, "पावणं, रविवारी या. चालू केली तर गाडी खडखडती, आन् पुली फिरवाया माणूस न्हाई." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. भाऊ सगळे व्हॉल्व्ह टाईट करणार, आवाज गोड येणार आणि गाडी जळत जाणार, हे आता जगात मला एकट्याला ठाऊक होतं. सांगावं तर अक्कांनी झाकलेलं मी उघडं करायचं. न सांगावं तर गाडी हातची जाणार आणि मागे उरलेला एकटा माणूस बसवायचा कुठे, हा प्रश्न आता माझ्याकडे आला होता.

रविवारी गेलो. सडा नव्हता. कोंबड्या मोकळ्या होत्या. मी बंपरखाली बसलो आणि जेवढी फिरवायची त्याच्यापुढे पुली नेऊ लागलो, एकदा नाही, चारदा. एरवी भाऊंनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी ते नुसतं "मागं घ्या" म्हणाले. बारा झाले. मी उठलो, कंबर धरली आणि जमेल तेवढ्या सहजपणे म्हटलं, "भाऊ, दाढी वाढलीय. मंचरला जाऊन या की, तोवर हवा लागू दे."

भाऊ माझ्याकडे वळले.

"तुमाला येतं का?"

"काय?"

"टॅपेट."

"नाही," मी म्हटलं.

"मंग कशाला जाऊ कटिंगला?"

आणि ते तिथेच बंपरवर बसले. मग सांगू लागले. अक्कांनी त्यांच्या नकळत पहिल्यांदा टॅपेट केलं त्याच खेपेला, डिंभ्याच्या चढाला, त्यांच्या लक्षात आलं होतं. बोटं मेली असली तरी कान शाबूत होते. इंजिन बोललं ते त्यांच्या हातचं नव्हतं. "माझ्यापरीस बरं जमवायची," ते म्हणाले. तेव्हापासून दर खेपेला न्हाव्याकडे नंबर लावून, नंबर आला की पुढच्याला सोडून ते बाकावर बसून राहायचे. बाराही व्हॉल्व्ह करायचे, वर-खाली करायचं, तिला वेळ नको का.

मी विचारलं, अक्कांना बोलला का नाहीत कधी.

"बोललो असतो तर थांबली असती. तिला वाटत व्हतं, ती मला सांभाळती. सांभाळू दिलं." त्यांनी पट्टी सदऱ्याला पुसली. "ते बरोबर केलं का चूक, ते काय आता इचारता येत न्हाई."

भाऊंनी पट्टी माझ्या हातात दिली, मला वर चढायला सांगितलं आणि स्वतः गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली अक्कांच्या जागी जाऊन बसले. माझ्या हातून काय होणार हे दोघांनाही माहीत होतं. "जरा खडखडली तरी चालंल," खालून आवाज आला, "पर गोड नका करू." मी पट्टी सरकवली, ओढली, परत सरकवली. पोर जागं आहे की झोपलंय, मला काही कळेना. एका व्हॉल्व्हला मला बारा मिनिटं लागली आणि भाऊंनी एकदाही घाई केली नाही. बोनेटखाली वाकलेल्या मला ते दिसत नव्हते. नुसता पान्याचा आवाज यायचा आणि थांबायचा.

तिसऱ्या जोडीला पाना थांबला तो थांबलाच. मी हाक मारणार, तेवढ्यात ते बोलले, माझ्याशी की आणखी कोणाशी ते समजलं नाही.

"हितनं माणूस दिसत न्हाई, पावणं. नुसत्या चपला दिसत्यात. तीस वर्सं हितं बसली ती."

मी बंपरच्या कडेवर माझे पाय, चपला त्यांना दिसतील असे, जरासे बाहेर सरकवले आणि उभा राहिलो.