माप कुणी घेतलं?

कर्वेनगरात आमच्या सोसायटीसमोर एका टेलरचं दुकान आहे. त्यांचं नाव मी पंधरा वर्षांत विचारलेलं नाही. सगळे मास्टर म्हणतात. दुसऱ्याने शिवलेला कपडा हातात आला की ते तो उलटा करतात, पोलिसाच्या आवाजात "हे कुणी शिवलं?" विचारतात आणि उसवायला घेतात. माझी एक रेडीमेड पँट दिवाळीपासून तशीच उसवलेली पडली आहे.

एखादा माणूस सुपरहिरो कसा झाला, हे सांगणारा सिनेमा आला की मास्टर शुक्रवारी दुकान बंद ठेवतात आणि शनिवारी निकाल देतात. "चालेल. पहिला ड्रेस त्यानं घरी शिवलाय, बगलेत काचतो." किंवा, "पडणार. शक्ती आली की लगेच अंगावर सूट. माप कुणी घेतलं?" त्यांचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

शाळेच्या गॅदरिंगसाठी माझ्या मुलीने जुन्या पडद्यातून सुपरहिरोचा केप स्वतः शिवला. एक बाजू गुडघ्यापर्यंत, दुसरी घोट्यापर्यंत. बाकीच्या मुली भाड्याचे ड्रेस घालणार होत्या, म्हणून तो सरळ करून घ्यायला मी तिला मास्टरांकडे नेलं.

त्यांनी केप उलटा केला. "हे कुणी शिवलं?"

"मी," म्हणत ती माझ्यामागे सरकली.

मास्टरांनी कात्री खाली ठेवली. गळ्याशी एक हूक लावला, दोरा दातांनी तोडला आणि केप तिला परत दिला.

"अहो, खालून तेवढं सरळ करा ना," मी म्हणालो.

"कशाला? बरोबर आहे."

माझी पँट अजून उसवलेलीच आहे.