खिडकीतली पाटी

इथे परमुलखात सुकेळ्यांची पुडी उघडली, की त्या गोड वासासरशी मला बोळिंजमधली ती खिडकी दिसते. सुकेळ्यांसाठी केळी सोलून वाळवायला घरात हात हवे होते, म्हणून माझी शाळा दुसरीतच सुटली. आमच्या वाडीशेजारी क्षयानं अंथरूण धरलेल्या मास्तरीणबाई राहायच्या. "लांबूनच बोल. त्या घरचं पानी पन पिऊ नको," आई बजावायची. बाई स्वतः रचत असलेल्या खंड्या पक्ष्याच्या गाण्याची रोज एक ओळ पाटीवर लिहून खिडकीत धरायच्या आणि मी कुंपणापाशी उभी राहून ती मोठ्यानं वाचायचे. चुकले तर म्हणायच्या, "उडाला बघ तुझा खंड्या, बोलव परत." मग हसायच्या, आणि हसता हसता खोकला यायचा. अशी मी वाचायला शिकले. एका संध्याकाळी खिडकीत पाटी नव्हती. बाईंची आई तिथे उभी होती. "पहाटे गेली गं ती. तू म्हण तिचं गाणं." मी म्हटलं. खंड्यानं पाण्यावर झेप घेतली तिथे ओळी संपल्या, तरी आम्ही दोघी आतून बाईंच्या आवाजाची वाट बघत राहिलो. आता त्याच ओळींवर नातीला वाचायला शिकवते. शेवटी ती विचारते, "आजी, मग मासा मिळाला का त्याला?" मी खिडकीकडे बघते.