गुणवंतचा डावा पाय

तलमडुगुच्या गुणवंत वाठोऱ्याला अख्खं मंडल, म्हणजे आसपासची सगळी गावं, पिकअपवाला म्हणूनच ओळखतं. तीस वर्षं गिअर बदलत कापूस वाहिलेला माणूस. मायलेज गाडीत नसतं, ड्रायव्हरच्या हातात असतं, असं तो चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगायचा. त्यामुळे मास्तरीण झालेल्या लेकीनं, रश्मीनं, बापाच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी ऑटोमॅटिक डिझेल पिकअप आणली, तेव्हा त्याचं डोकंच सणकलं.

"काऊन आणली पोरी हे? बिनक्लचची गाडी नुसतं डिझेल ढोसते. दाखवतोच तुले!"

दोन दिवस, दोन गाड्या. रस्ता तोच, कापूस तेवढाच, आदिलाबादचं मार्केट यार्ड. टाकी त्यानं स्वतः, आतली हवा निघावी म्हणून गाडी गदागदा हलवून, काठोकाठ भरली, परतल्यावर पुन्हा तशीच. जुन्या गाडीनं लिटरला अकरा किलोमीटर दिले, नव्या गाडीनं साडेबारा.

पंपावर गुणवंत जमलेल्यांकडे वळून म्हणाला, "पाह्यलं? माया हात लागला तं असली गाडी बी सुदरते!"

लोकांनी माना डोलावल्या. दोन्ही दिवस रश्मी शेजारीच बसली होती. क्लचवर पाय टेकवूनच गाडी हाकायची बापाची जुनी खोड. तेवढ्यानंच क्लच घसरतो आणि डिझेल फुकट जळतं. नव्या गाडीतही तो डावा पाय वाटभर रिकाम्या जागी दाबतच होता. फक्त तिथं त्याला बिघडवायला काही नव्हतं.