जाळ्याची फडकी

मी हल्ली जाळ्याच्या शाली विणतो. ओढण्या विणतो, सुनेच्या मैत्रिणींना गळ्यात घालायचे लांब पट्टे विणून देतो. वेसाव्याला आमच्या गल्लीत ओट्यावर बसलो की येणारे-जाणारे थांबून बघतात. कोणी हसतं. हसू दे. मी चौथीच्या पुढे शाळेत गेलो नाही, पण गाठ कशी मारायची हे मला शिकवायला कोणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवीन. माझ्या बापाने सुताची जाळी विणली, मी नायलॉनची विणली. आता मशीनवरची जाळी गोणीत भरून येतात आणि फाटली की तुणायला तेवढा माझा हात लागतो. हा हात शालींकडे कसा वळला, ते सांगतो.

बायकोला नागीण झाली. डाव्या खांद्यावर, पाठीकडून वर चढून गळ्यापर्यंत. फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी वरून साफ झाली. आग मात्र आत राहिली. डॉक्टर म्हणाला, नस दुखावलीय, वेळ लागेल, किती ते सांगता येणार नाही. खांद्यावरून कापड नुसतं सरकलं तरी ती दात आवळायची. मासळीच्या भरल्या पाट्या डोक्यावर घेऊन अंधेरीचा बाजार गाठणारी बाई, आणि चोळीचं कापड तिला सोसेना. शेवटी सुनेने चोळीचा डावा खांदा कापून काढला आणि बगलेखालून नाड्या लावून दिल्या. तशी ती घरात बसून राहिली. दारात कोणी आलं की आतल्या खोलीत जायची.

त्यात मढवरून लग्नाचं आमंत्रण आलं. तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आई लवकर गेली म्हणून त्या बहिणीला हिनेच वाढवलेलं, आणि बहीण बाजारात बसायला लागली तेव्हा तिची मुलगीही आमच्याच घरात रांगली. हळद लावायला पहिला हात मावशीचा, हे मुलीने लहानपणापासून ठरवून ठेवलेलं. आणि मावशी म्हणाली, "मी नाय येत."

आमच्या जुन्या बायका कमरेला लुगडं नेसतात, वर चोळी, आणि चोळीवर दोन्ही खांदे झाकून फडकी घेतात. फडकीशिवाय देवळात नाही, बाजारात नाही, मांडवात तर नाहीच. सुनेने सांगून बघितलं, आता कोण बघतंय आई, आजारी माणसाला कोण काय बोलणार. ती म्हणाली, "तुला कोण बोलणार नाय. मना माझंच मन बोलेल." बहिणीचा फोन वाजायचा, ती घ्यायची नाही. मुलीचा वाजला तेव्हा फोन उशीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मी तिच्या खांद्याकडे बघत बसलो होतो. मनात आलं, कापड अंगाला सगळीकडून चिकटतं. जाळं कुठे चिकटतं? जाळ्यात अर्ध्याहून जास्त तर भोकंच.

त्याच दुपारी मी विणायला घेतलं. घरात चांगला नायलॉनचा दोरा होता, पारदर्शक, बारीक. म्हटलं हलकं होईल, दिसणारही नाही. हातभर तुकडा तयार करून तिच्यापुढे धरला. तिने बोटाने चाचपला आणि माझ्याकडे बघितलं.

"पापलेट हाय मी?"

"अगं, हलकं हाय."

"पापलेटला पण हलकंच वाटतं. मग बोटीत गेल्यावर कळतं."

सून आत तोंड दाबून हसत होती. मला राग आला, पण नायलॉन ठेवून दिलं. सुनेने अंधेरी स्टेशनजवळून सुती दोरा आणला, बायका क्रोशाला वापरतात तो, पांढरा, मऊ. आमची जाळी विणायची सुई त्याला फारच जाड. मग नातवाची मोडकी फुटपट्टी घासून तिची चपटी सुई केली. जाळ्याच्या भोकाला आम्ही आस म्हणतो. सगळी आस एका मापाची यावी म्हणून दोरा पट्टीवर गुंडाळून गाठ मारतात. त्या पट्टीच्या जागी कुल्फीची काडी घेतली. करंगळीच्या नखाएवढी आस. एवढी बारीक मी कोळंबीसाठीसुद्धा विणली नव्हती.

पहिली पट्टी झाली. तिच्या खांद्यावर अलगद ठेवली. तिने डोळे मिटले आणि लगेच हात वर केला. "काढा. टोचतंय."

"काय टोचतंय?"

"गाठी. वाळू सांडल्यागत."

मी गाठीवरून अंगठा फिरवला. खरंच, खड्यासारखी कडक. सवयच ती. सगळी जिंदगी दोरा दाताने ओढून गाठ आवळली. सैल गाठ समुद्रात सरकते, आस मोठी होते, मासा जातो आणि मग गावभर जाळं विणणाऱ्याचं नाव निघतं. माझ्या हाताला दुसरी गाठ माहीतच नव्हती. सून म्हणाली, "बाबा, आईंच्या खांद्यावरून कोणी पळून जाणार नाही. जरा हलक्या हाताने मारा ना."

सांगणं सोपं. मी हलकी मारली तर गाठ बसेचना. जरा ओढली की सरकायची. थोडी जास्त ओढली की पुन्हा खडा. या दोन्हींच्या मधली एक जागा असते, दोरा दोऱ्याला नुसता टेकतो आणि तरी सोडत नाही. एवढ्या वर्षांत त्या जागेशी मी कधी थांबलोच नव्हतो, रोज तिथून पुढे जायचो. पहिल्यांदा ती बोटाला लागली तेव्हा मी हात तसाच धरून बसलो. वाटलं, हललो तर जाईल.

मग दुसरी गोष्ट दिसली. गाठीला दोन बाजू असतात, एक चपटी, एक उंच. ओळ संपली की जाळं उलटवून परत विणायचं, म्हणून एका ओळीत चपटी वर येते, दुसऱ्या ओळीत उंच. मासळीला त्याने काही फरक पडत नाही. तिला पडत होता. म्हणून मी उलटवायचंच बंद केलं. गोल विणत गेलो, नळीसारखं, म्हणजे सगळ्या चपट्या गाठी आत आणि उंच बाहेर. विणून झाल्यावर सुनेकडे कात्री मागितली आणि नळी वरपासून खालपर्यंत कापायला घेतली.

"बाबा, उसवेल सगळं!"

"बघ फक्त."

कापलं. एक गाठ सुटली नाही. प्रत्येक आस आपल्या जागी उभी. सून खाली बसून काठावर बोट फिरवत राहिली. हे मला आधीपासून ठाऊक होतं, जाळं असंच असतं. तरी एवढ्या सैल गाठी आणि एवढा मऊ दोरा बघून कात्री लावताना मलाही धास्ती होती, ती मी तिला कळू दिली नाही.

फडकी उचलली तर हातात काही आहे असं वाटेना. खिडकीपुढे धरली तर धुक्यासारखी. खांद्यावर टाकली तेव्हा बायकोने मान हळूच इकडे-तिकडे वळवून बघितली. मी वाट बघत उभा. मग म्हणाली, "खांदा दिसतो यातनं?"

सून दारापर्यंत मागे गेली, डोळे बारीक केले. "नाही दिसत आई. पांढरं दिसतं नुसतं."

"मग लुगडं काढ हिरवं."

मढला जायचं म्हणजे खाडी ओलांडायची. चालत धक्क्यावर आलो, तोपर्यंत सगळं ठीक. बोट सुटली आणि मला एकदम आठवलं, वारा. घरात मी पंखा बंद करून विणत होतो. इथे भर दुपारचा पश्चिमेचा वारा. कापड फडफडलं की खांद्यावर घासणार, आणि बोटीतून उतरायला मध्ये कुठे जागा नाही. आमच्या पुढे लग्नालाच निघालेल्या बायका होत्या. त्यांच्या फडक्या शिडासारख्या फुगल्या, तोंडावर आल्या, त्या हसत हसत दोन्ही हातांनी धरायला लागल्या. मी बायकोकडे बघितलं.

तिची फडकी खांद्यावर होती तशीच होती. नुसती थरथरत होती, पाण्यावर थरथर उठते तशी. वारा तिच्यातून सरळ पलीकडे जात होता. बांबूवर वाळत घातलेल्या जाळ्यातून वारा जाताना मी लहानपणापासून बघितलाय, आमच्या गावात कोणी बघितला नाही? पण त्याचा असा उपयोग असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, विणतानाही नाही. मी काही केलंच नव्हतं. ते आपोआप होत होतं. तिने फडकीच्या टोकाखाली तळवा धरला आणि बोटांच्या मधून वारा जाऊ दिला. माझ्याकडे बघितलंही नाही. बरं झालं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे.

पुढे बसलेल्या एकीने मागे वळून विचारलं, "मावशी, कुठून घेतली गं?"

"घरातनं," बायको म्हणाली.

मांडवात बहीण रडली, भांडली, फोन का घेतला नाहीस म्हणून दोन शिव्या दिल्या आणि जेवायला वाढलं. संध्याकाळी हळद लागली. मुलीने कोणालाच हात लावू दिला नव्हता, मावशीसाठी थांबून राहिली होती. बायकोने उजव्या हाताने तिच्या गालांना, कपाळाला, पायांना हळद लावली. मी पुरुषांमध्ये मागे बसलो होतो, नजर डाव्या खांद्यावर. सगळं नीट झालं, आता उठेल असं वाटलं, तेवढ्यात मुलगी पुढे झुकली आणि हळदीने माखलेलं डोकं तिने त्याच खांद्यावर टाकलं. सगळा भार टाकला.

मी उभा राहिलो. खुर्ची मागच्या माणसाला लागली.

बायकोचा जबडा आवळलेला मला तिथूनही दिसला. दुखत होतं. पण तिने मुलीला बाजूला केलं नाही. हळदीचा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. बाजारात गिऱ्हाईक मासळीला फार हात लावायला लागलं की बघायची, तसं.

मी खाली बसलो.