वास घेतल्याशिवाय नाव नाही

बंगालात, बांकुड्याच्या तांबड्या मातीवरच्या त्या शाळेत अणिमा कुंडू तिसरीचा वर्ग सातविणीच्या झाडाखाली घ्यायच्या. सुरुवातीला शाळेला खोल्या दोनच होत्या आणि एकीत शेळ्या शिरत, म्हणून त्या बाहेर आल्या. पुढे खोल्या वाढल्या, पण दिदिमोनी, मुलं बाईंना असंच म्हणत, काही आत गेल्या नाहीत. लग्न झालं नाही, वडील वारले, भाऊ दुर्गापूरला गेला. सातवीण जागची हलत नव्हती, एवढ्यावर दोघींचं जमलं.

मुलं घरून गोणपाटाचं आसन आणत आणि फडक्यात मुरमुरे. नियम एकच होता : पान चुरगाळून हुंगल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचं नाही. कुणी लांबूनच बोललं की दिदिमोनी विचारत, "काय रे, नुसतं बघून लग्न ठरवतोस?"

मग संगणक आले. शाळेतला पहिला पंखा त्यांना मिळाला. धूळ नको म्हणून त्या खोलीच्या खिडक्यांना काचा बसल्या आणि त्या कायमच्या बंद झाल्या. दिदिमोनींचं संगणकाशी वैर नव्हतं. पडद्यावर समुद्र दाखवायला त्या वर्गाला एकदा आत घेऊन गेल्या होत्या आणि मुलं कंटाळून उठल्यावरही त्या बघतच बसल्या होत्या.

घोटाळा झाला तो परीक्षेत. पडद्यावर पानं दाखवली होती : कडुलिंब कोणता, कढीपत्ता कोणता? इतर वर्गांनी बोटं ठेवली. तिसरी नुसती बसून राहिली. पानमोनी हांसदानं पडद्याला नाक लावलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "दिदिमोनी, याला वासच नाय."

"अणिमादी, अख्ख्या वर्गाला भोपळा!" हेडमास्तर हीरेनबाबू म्हणाले. "वरच्यांना मी काय सांगू? पोरांना सर्दी झाली होती? पुन्हा घेतो. आता असं झालं तर वर्ग आत."

झाडाखालचा वर्ग वाचवायचा तर पोरं पास व्हायला हवीत. दिदिमोनींनी पुठ्ठ्यावर पानांची चित्रं काढली आणि सातविणीखाली शिकवणी सुरू केली.

"हुंगायचं नाही. बघायचं नि बोट ठेवायचं."

"आणि चुकलं तर?" पानमोनीनं विचारलं.

"चुकू दे."

आयुष्यात हे वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या. सवयीनं कुणी पुठ्ठा नाकाशी नेला की त्या त्याचा हात खाली करत.

वर्ग झाडून पास झाला. हीरेनबाबू संदेश मिठाईचा पुडा घेऊन आले. "बघा! संगणकावर कसली भराभर शिकतात! यांना झाडाखाली ठेवणं म्हणजे अन्याय हो."

"पण मी झाडाखालीच शिकवलं, हीरेनबाबू."

"तेच म्हणतोय मी! मग आत तर तुम्ही काय कमाल कराल!" त्यांचा चेहरा निर्मळ होता. भांडायला जागाच नव्हती. दिदिमोनींनी संदेश घेतला.

सोमवारी वर्ग आत, संगणकाच्या खोलीत गेला. आत बाकं होती, आसनं व्हरांड्यात रचून ठेवली.

मधल्या सुट्टीत दिदिमोनी काचेशी उभ्या होत्या. पानमोनी सातविणीखाली एकटीच होती. तिनं खालचं पान उचललं, नाकाशी नेलं, आणि तेवढ्यात तिची नजर खिडकीकडे गेली. हात खाली आला.

"घे गं, घे वास," दिदिमोनी म्हणाल्या. काचेतून आवाज जाईना, म्हणून त्यांनी हातानं खुणा केल्या.

दिदिमोनी बोलावतायत असं पानमोनीला वाटलं. पान टाकून ती आत पळत आली आणि बाकावर नीट बसली.